रावजीचा गुडघा आणि द्वारकाबाईची भिंत

मंडळी, मला एक सांगा — चूक आपली, दाखवली दुसऱ्यानं, तर राग कुणाचा येतो? दाखवणाऱ्याचा! हसू नका, पुढच्या रांगेतलेच जास्त हसतायत!

तर ऐका. मिरजेकडचा एक गवंडी, रावजी बेलदार. चाळीस वर्षं भिंती बांधल्या. पण पाय? गुडघे असे बाहेर वाकलेले, की मधून कोकरू पळून जाईल! उजवा तर पार झिजला. दवाखान्यात मुजावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, गुडघा बदलू. चीर छोटी, आणि माप कॉम्प्युटर दाखवेल."

रावजी ताडकन म्हणाला, "मशीन सांगणार अन् तुम्ही ऐकणार? मग तुम्हाला येतं तरी काय?"

बायकोनं, हौसाबाईनं, कपाळाला हात लावला! "अहो, गप बसा! उद्या त्यांच्याच हातात चाकू आहे!"

ऑपरेशनला कमरेत सुई दिली, खालचं अंग बधीर. पण तोंड? ते बधीर करणारी सुई अजून निघायचीय, मंडळी! मध्ये पडदा, पलीकडे ठक्, ठक्! रावजी ओरडतो, "हातोडी हलक्या हातानं!"

"मामा, हाड आहे, वीट नाही!"

हाडाला खुणा लावलेल्या, कॅमेरा त्या बघतोय, मशीनवर आकडे येतायत. एकाएकी बाई थांबल्या.

"हाडाचा काप दोन अंश तिरपा येतोय. माझी नजर चुकली. परत बघू."

एवढी मोठी डॉक्टरीण, सगळ्यांदेखत 'चुकली' म्हणाली — आणि आभाळ काही कोसळलं नाही! शांतपणे सरळ केलं.

इकडे रावजीला पडल्या पडल्या घाम फुटला. आपणच बांधलेली शेजारच्या द्वारकाबाईची न्हाणी आठवली! म्हातारी सांगत होती, "रावजी, भिंत कललीय रे." आणि हा म्हणाला होता, "काकू, तुमचा चष्मा बदला." बिचारीनं खरंच बदलला, मंडळी! दोनदा!

दीड महिन्यानं रावजी काठी टेकत, सरळ पायानं तिच्या दारात उभा. मान खाली. "काकू, भिंत वाकडीच आहे. माझं चुकलं. पाडून नवी बांधतो."

म्हातारी म्हणाली, "बांध बाबा. पण या चष्म्यातनं मला आता ती सरळ दिसायला लागलीय, त्याचं काय करू?"

मंडळी, आज घरी जाल. सून म्हणेल, "मामंजी, इथं तुमचं चुकलं." तेव्हा डोळे वटारू नका. 'परत बघू' म्हणा — दोनच शब्द! अवघड आहे? आहेच! मघाशी आमचे पेटीवाले भाऊ हळूच म्हणाले, "बुवा, सूर चढलाय." मी काय केलं? डोळे वटारले! भाऊ, माझं चुकलं! द्या खालची पट्टी — आणि म्हणा सगळे, रामकृष्णहरी!