तांब्यात कोरलेला महापौर

अहो, साडू नगराध्यक्ष झाला आणि घरात माझी किंमतच उतरली. बायकोचं एकच, "भावोजींना बघा, आणि तुम्ही!"

परवा डिचोलीहून सगळे पणजीला म्युझियम बघायला गेलो. तिथं कुठल्याशा जुन्या महापौराची चार चित्रं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. साडूचा चेहरा पडला. "एकाच माणसाची चार? माझं एकतरी होऊ दे!"

म्हटलं, झालं. आता हा भिंतीवरूनही मला टोचणार.

त्यानं तिथल्या बाईंना विचारलं, "कोरायला किती वेळ लागतो?"

"वर्ष सहज जातं."

माझी बायको अगदी काळजीनं म्हणाली, "मग कसं जमणार, भावोजी? नाक पुरं व्हायच्या आधीच तुमच्यावर अविश्वास ठराव येईल!"

येताना मी तिला न मागता केसांत माळायला अबोलीची फाती घेतली.