माधवच्या पुस्तकातली ओळ

नाही म्हणजे नाही, साहेब. कुलूप दिसतंय ना दाराला? मग कडी वाजवून काय उपयोग — माणसं आत बसून बाहेरून कुलूप लावत नाहीत. इकडे या, माझ्या ओट्यावर बसा, हा पाण्याचा पेला घ्या. मी शेजारीण, अंबिकाकाकू म्हणतात मला साऱ्या मोहल्ल्यात. माधव पागनीसच हवेत ना, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतात ते? देवासला गेलाय तो, मामाकडे. कधी येईल, भरवसा नाही. तुम्ही भोपाळच्या नव्या ऑफिसातले — होय ना? ओळखलं मी. कोट आपल्या टांग्यांच्या धुळीनं भरलाय, पण काखेतली फाइल बघा कशी कोरी करकरीत! नवं राज्य व्हायचंय एक नोव्हेंबरला, आणि फाइली आत्ताच तयार. वा भई वा!

कशाला आलात तेही ठाऊक आहे मला. कसं म्हणजे? दोन घरांत भिंत एकच आहे. मी काही कान लावून बसत नाही — आणि बसले तरी काय बिघडलं, हे गेल्यापासून मला दुसरं ऐकायला आहे तरी काय? तर माधवनं पंप चालवणाऱ्या लोकांसाठी पुस्तक लिहिलं. हिंदीत, चित्रं काढून. पंप चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, पावसाळा सरला की क्षिप्रेचा गाळ येऊन बसतो तेव्हा विहिरीत उतरून पंपाच्या तोंडाची जाळी कशी साफ करायची. इथपासून रतलामपर्यंत पंपघरांतनं खिळ्याला टांगलंय ते पुस्तक. आता तुम्ही ते नव्यानं छापणार, सगळ्या नव्या राज्यासाठी. त्यावर माधवचं नाव असणार. बढिया! पण त्यातली एक ओळ काढून टाकणार, आणि त्यानं लिहून द्यायचं की माझी हरकत नाही. हाच कागद आहे ना फाइलीत? झाकू नका, मी हिसकावून घेत नाही.

एकच ओळ, म्हणता? कुठली ते बोला ना. राहू द्या, मीच बोलते, मला पाठ आहे — ‘जाळी साफ करने अकेला आदमी न उतरे. एक आदमी ऊपर खड़ा रहे, और पंप की चाबी उतरनेवाले की जेब में रहे.’ झालं. एवढंच. यात काय खुपलं तुमच्या मोठ्या साहेबांना? मीच सांगते काय खुपलं — दोन माणसं म्हटलं की दोन पगार आले. नव्या राज्यात एका पाळीला एकच माणूस मंजूर केलाय त्यांनी. मग पुस्तकात दोन कशाला हवेत, काढा एक! आणि वरच्या माणसाला काढलं की चाबी कुणाच्या खिशात, हा सवालच उरत नाही, नाही का?

आमच्या गल्लीतला किसनलाल विहिरीत उतरला होता गेल्या साली. वरचा माणूस नेमका तंबाखू आणायला गेला. तेवढ्यात पुढच्या पाळीचा बद्रीप्रसाद आला, बघतो तर पंप बंद! शहराला पाणी नाही! लागला चालू करायला — तर चाबीच नाही. मग सुरू झाल्या बद्रीच्या शिव्या, अशा सणसणीत की थेट खाली ऐकू गेल्या. आणि खालून किसनलाल ओरडतो, ‘अबे, चाबी मेरे पास है, मैं नीचे हूँ!’ आज त्याच किसनलालच्या हातची कचोरी खाते मी. नोकरी सोडली त्यानं, टावर चौकात गाडी लावतो. बायको अजून माधवच्या पाया पडते, तो लाजून आत पळतो.

कायदा? सांगा की, मी चौथी पास आहे, हळू सांगा. नोकरीत असताना लिहिलं, सरकारी कामासाठी लिहिलं, म्हणून पुस्तक सरकारचं. असू दे सरकारचं! घ्या, हवं तसं कापा, वाटल्यास शेंगदाण्याच्या पुड्या बांधा त्याच्या. पण नाव? नाव सरकारनं ठेवलं होतं का त्याचं? नाव त्याच्या आईनं ठेवलंय, साहेब. तुम्हाला ते नाव हवंय, कारण पंपवाले म्हणतात, पागनीसबाबूंनी लिहिलंय म्हणजे बरोबर असणार. ओळ त्याची नको, विश्वास मात्र त्याचा हवा. आणि उद्या कुठं कुणी एकटा उतरला, वरून पंप सुरू झाला, तर लोक पुस्तक उघडून बघतील नाव कुणाचं ते. तुमच्या मोठ्या साहेबांचं असेल का तिथं?

आणि सगळं काही ऑफिसात नाही लिहिलं त्यानं, हेही ध्यानात घ्या. इथं, या ओट्यावर लिहिलं. संध्याकाळी ऑफिसातून येताना कागद घेऊन यायचा आणि — नाही, नाही, कोरे नव्हते हो! रद्दीतले, एका बाजूला छापलेले! काय लिहून घेताय ते? खोडा आधी. खोडा म्हणते ना! …तर एकेक पान मला वाचून दाखवायचा. काकूला कळलं तर पंपवाल्याला कळेल, म्हणायचा. त्या ओळीत आधी त्यानं ‘विद्युत-प्रवाह खंडित कर’ असलं काहीतरी लिहिलं होतं. म्हटलं, मेल्या, हे कोण समजणार? चाबी ज्याची त्याच्या खिशात राहू दे. माझी जाऊ होती ना, साखरेचा डबा उघडा दिसला की हात घालायची — सांगून, ओरडून, शपथ घालून काही होईना. शेवटी कोठीच्या खोलीची चाबी मी कमरेला लावली. अंघोळीला गेले तरी कमरेला. साखर जागेवर! माधव इतका हसला, आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं.

म्हणजे ओळ माझी? हं. तसं म्हटलं तर… बघा, तुम्ही मला भलतीकडे नेताय. माझी असेल तर माझी! मग तुमच्या कागदावर माझी सही लागेल, आणि मी देत नाही. जा, सांगा भोपाळला, उज्जैनची एक विधवा बाई हरकत घेतेय म्हणून.

हसू नका. तुम्हाला वाटतंय तो देईल सही. त्याच्या बायकोनं, शोभानं समजावलंय त्याला — हो, समजावलंय, मला कशाला खोटं बोलायचंय. सही नाही केली तर बदली करून रीवाला टाकतील, कुठल्या कोपऱ्यात, ना कुणी मराठी बोलणारं ना कुणी ओळखीचं, आणि तिला दिवस गेलेत. तिचं काय चुकलं? काल पेन उघडून बसलाही होता तो. मीच गेले मधे, म्हटलं, आधी आईचं श्राद्ध कर, मग काय करायचं ते कर. उद्या सकाळी रामघाटावर पिंड देऊन ये, मग —

देवास? मी देवास म्हटलं का? …म्हटलं असेल. बरं, आहे तो घाटावर. म्हणून उठलात होय? खाली बसा! ओल्या धोतरात, बोटात दर्भ घातलेल्या माणसापुढं कागद धरणार? जानवं उजव्या खांद्यावर आहे त्याचं आत्ता, सही कुठल्या हातानं करेल? मी ओट्याच्या पायरीवर उभी आहे, मला ढकलून जायचं तर जा.

थांबा. ती बघा शोभा येतेय. एकटीच. ये गं, दमलीस? हे भोपाळहून — हो, तेच. आज आले. काय गं, माधव कुठं? मागून येतोय? पोस्टात कशाला थांबला? …तार केली? काय लिहिलं तारेत? मोठ्यानं सांग, यांनाही ऐकू दे. ‘ओळ ठेवा, नाहीतर नाव काढा.’ शाब्बास! ऐकलंत ना साहेब? आणि ही सांगते पैसे मीच दिले तारेला, ही! कालपर्यंत सही कर म्हणणारी! ये, तुला जवळ घेऊ दे मला. घ्या तुमची फाइल, काखेत मारा आणि —

काय म्हणालीस? सामान? कसलं सामान बांधायचं?

…हो. बरोबर आहे. रीवा. मी आपली ओरडत बसले, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. बाळंतपणाला तिथं कोण गं तुझं…

तुम्ही अजून उभे का? पाण्याचा पेला ठेवा तिथं आणि जा. ऐकलंत ना तारेत काय आहे ते. जा म्हणते ना.