सुमनमावशींचा अभिप्राय

अरे, सातपाटीला माझी कशी जिरली ते ऐका. आमच्या संस्थेने बोंबील सुकवायचं सौर यंत्र बनवलं आणि गावकऱ्यांचं मत घ्यायला मला पाठवलं. बोंबील सुकवण्यात आयुष्य गेलेल्या सुमनमावशींनी सगळं ऐकून विचारलं, "यात बोंबील टांगायचा कुठं?"

"टांगायचा नाही, मावशी. ट्रेमध्ये आडवा ठेवायचा."

"आडवा चिकटतो रे. बनवताना कोनाला इचारलं?"

"तेच विचारायला आलोय."

"आता? बनवून झाल्यावर?"

त्यांनी मला दुपारपर्यंत बांबूवर बोंबील टांगायला लावलं. बोटं सोलवटली. निघताना मी अभिप्रायाचा कागद पुढे केला. मावशींनी सुनेकडून लिहून घेतलं, "पोरगा बरा हाय. पुढच्या येळी यंत्राच्या आदी पाठवा."