कानानं पारखलेला कॉम्प्युटर

माहा जनम मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यातला, भाऊ, घरी धानाची शेती, आन डोळे गेले तवा मी चार वर्साची होती. गोवर निंगाली, ताप उतरला, उजेडही गेला. आईनं लगित, म्हणजे लय, देव केले, पण बाबाचं डोस्कं वेगळं, ते म्हणे पोट्टी आंधळी आहे म्हून अडाणी काऊन राहीन, आन मले चंद्रपूरले आंधळ्या मुलीच्या होस्टेलात नेऊन टाकलं. तिथीच मी कॉम्प्युटर शिकली. तुम्ही म्हणान दिसत नाई तं चालवते कशी. तो बोलते ना, भाऊ. जी कळ दाबली तिचं नाव सांगते, लिहिलेलं वाचून दाखवते, तसं सॉफ्टवेअर राह्यते त्यात. मले पडद्याचं काई काम नाई.

शिकून वापस आली आन तालुक्याच्या गावी खोली घेऊन अर्ज टाईप कराले बसली, बारा वर्स झाले आता. वनपट्ट्याचे, म्हणजे जंगलातल्या कसत्या जमिनीच्या हक्काचे दावे, निराधारचे अर्ज, वारसाचे, सारे. लोक आधी म्हणत आंधळी काय लिहीन, मंग तेच म्हणाले लागले बाईकडंच जाऊ, ती पुरं ऐकून घेते. ऐकणारच ना, बापा, दुसरं काय आहे माह्याजवळ.

मागच्या साली वीज कडकडली आन कॉम्प्युटर गेला. जळका वास आला आन आवाज बंद. काय सांगू तुम्हाले, तुमचा पडदा काळा झाला तं तुम्हाले खोली तरी दिसते, माहा तं सारा दिवसच मुका झाला. दुरुस्तीवाला म्हणे आत काईच राह्यलं नाई, दुसरा घ्या.

माहा लहान भाऊ दिलीप, मी त्याच्याच घरी राह्यते. तो म्हणे बाई, आता राहू दे, लगित केलं तू, मोबाईल आहे ना, भजन ऐक, बातम्या ऐक. सुमनले, म्हणजे त्याच्या बायकोले, दिसते, ती शिकलेली आहे, तिले बसवू खोलीत, तू बाजूले बसत जा. वाईट नाई तो, मायेनंच बोलला. पण मले लय लागलं. इतक्या वर्साचं काम, आन मले बाजूले बसवून राह्यला. मी म्हटलं मोबाईलवर चार ओळी होते, चार पानाचा दावा होत नाई, आन बाजूले बसाले मी काई पाहुणी नाई. कॉम्प्युटर मीच पाहून घेईन, तू फक्त बसमधी सोबत चाल. दोन दिवस रुसला, मंग तिसऱ्या दिवशी बसमधी संग बसला.

चंद्रपूरच्या दुकानात तो दुकानदार सारं दिलीपलेच विचारे. ताईले काय पाह्यजे, ताई काय काम करते. मी तिथीच उभी. मी म्हटलं भाऊ, मी आंधळी आहे, बहिरी नाई, मले विचारा. मंग त्यानं मले खुर्ची दिली.

दिलीपले एक आवडला, काचेचा, आत रंगीत लाईट. मी म्हटलं चालू करा, पडदा बंद ठेवा आन त्याचा वाचणारा आवाज सुरू करा. दुकानदार म्हणे पडदा बंद ठेवून काय पाहान. पाहाचं कोणाले आहे, म्हटलं. त्या लाईटवाल्याचे पंखे असे घोंघावे का आवाज त्यात बुडून जाये. दुसरा सुस्त, मी तिसरी कळ दाबली तरी हा पहिलीचंच नाव सांगून राह्यला. अशानं अक्षर चुकते, भाऊ, आन इथी अक्षर चुकलं तं एखाद्याची जमीन अटकते. मंग कोपऱ्यात एक वापरलेला होता, कोण्या हापिसातून आलेला. कळ दाबली का लगेच बोलला, पंख्याचा आवाज नाईच. मी पुरा हात फिरवून पाह्यला, वायरी लावाची भोकं मोजली, कीबोर्डाच्या बाजूले आकड्याच्या कळा आहे का चाचपलं, कारण वाचणारा त्याच कळांवर चालते. हाच द्या, म्हटलं. दिलीप म्हणे अवो बाई, जुना डब्बा आहे, रंगही उडाला. मी म्हटलं रंग कोण पाह्यणार आहे, तू का मी? तवा कुठी तो हासला.

खोलीत बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, एक म्हातारी आली. नवरा वारला होता, त्याच्या वनपट्ट्यावर वारस म्हून तिचं नाव लावाचं होतं. मी म्हटलं आजी, नवऱ्याचं नाव सांग. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव नाई घेत. तिनं माह्या हातात त्याचं आधार कार्ड ठेवलं. आता पाहा, तिले वाचता येत नाई, तोंडानं घेता येत नाई, आन मले दिसत नाई. दिलीप दारात होता, म्हणे सुमनले बोलावू का. मी म्हटलं थांब. कार्ड स्कॅनरवर ठेवलं, त्यातलं छापील अक्षर कॉम्प्युटर वाचते. आन त्यानं नाव घेतलं, म्हाताऱ्याचं, त्याच्या बापाचं, गावाचं, चांगलं मोठ्यानं.

म्हातारी काईच बोलेना. मले वाटलं चुकलं. चुकलं का आजी? नाई म्हणे, बरोबर आहे. मंग हळूच म्हणे, त्याले अजून एकदा नाव घेऊ दे ना माय, मी तं जन्मात नाई घेतलं, आन म्हातारा गेल्यापासून कोणीच घेत नाई.

मी कळ दाबली. मंग अजून दाबली. मलेही रडू आलं, खोटं काऊन बोलू. दिलीपनं सुमनले बोलावलं नाई त्या दिवशी, आन त्यानंतरही कधी नाई.

अर्जाचा निकाल अजून लागला नाई, सरकारी काम आहे. म्हातारी बाजाराच्या दिवशी येते, दाराशी टेकते, अर्जाचं काई विचारत नाई. मीही विचारत नाई. तिचा अर्ज उघडते आन कळ दाबते. देव तिले टिकवो, आन माह्या ह्या डब्याले टिकवो, एवढंच.