डेस्मंडच्या तारा

श्रूझबरीच्या मॉडेल प्रदर्शनाच्या रांगेत रोवेना वडिलांनी बनवलेल्या शेवटच्या दुपंखी लढाऊ विमानाच्या मॉडेलचा खोका या हातातून त्या हातात करत होती. वरच्या-खालच्या पंखांमधल्या तारा सैल होत्या. असं मांडलं तर लोक हसतील, म्हणून ती दोनदा रांगेबाहेर पडून परत आली होती. पुढचे दोघे म्हातारे मात्र रंगात आले होते.

"विल्फ, यंदा डेस्मंड दिसत नाही रे."

"येईल की, लोंबत्या तारा घेऊन."

"डोळ्यांनी दिसत नाही त्याला. पण कबूल करेल तर शपथ!"

"म्हणून तर गेल्या वर्षी त्याला चहा आणायला पिटाळलं आणि गुपचूप तारा ताणल्या मी."

"तू? अरे गाढवा, मी ताणल्या होत्या!"

"तरीच एक तुटली!"

"आणि तो परीक्षकांवर उखडला!"

दोघे खो खो हसले. रोवेनाने खोक्याचं झाकण काढलं.

"मी डेस्मंडची मुलगी. बाबा मार्चमध्ये गेले."

दोघांनी वाकून खोक्यातल्या सैल तारा पाहिल्या. मग विल्फने खिशातून चिमटा काढला.

"क्लाइव्ह, चष्मा लाव. आणि पोरी, तू जरा चहा घेऊन ये. सावकाश ये."