घ आणि ध

नाय, नाय, किशोरभाऊ, चूक आमचीच हाय — मी कुठं नाय म्हणते? नवरदेव वाघमारे आणि पत्रिकेत छापलंय वाधमारे. सोयऱ्यांनी नावं ठेवली असतील, तुमच्या वनितालाही, नवरीलाच, वाईट वाटलं असंल. दुसऱ्या छापते ना, आजच घेऊन जा गावी, कोंडाण्याला. बसा. आमचे हे कोपऱ्यावर चहा सांगायला गेलेत, यायला वेळ लागतो आताशा. — का म्हणजे? सावकाश चालतात, म्हणून.

टाइप मी केलं. पण तपासतात हे, तुमाला ठाऊकच हाय — जगदीशच्या नजरेतनं साधा काना सुटत नाय, असं म्हणायचे लोक. आता सुटतो. पयल्यांदा म्हणाले, स्क्रीन जुनी झाली, अक्षरं कुरतडल्यागत दिसतात. मला पटलं. खोटं नाय ते — ही वेलांटी जवळून बघा, गोल कुठंय? नुसते ठिपके, जिन्यागत रचलेले. मग कंप्युटर कडेला फिकट ठिपके भरतो, डोळा फसतो आन् रेघ गुळगुळीत वाटते. ती सोय चालू केली. तर म्हणाले, आता पुसट झालं, घ काय आणि ध काय, एकच दिसतं. अक्षर मोठं केलं. फॉन्ट बदलला. शेवटी नवी स्क्रीन आणली, हे स्वतः मांडीवर धरून बसले रिक्षात, नेरळपासनं. लावली, चालू केली. नुसतं पान उघडलं होतं, मी अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे पुढं वाकले, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता कसं, सुरेखा — लोण्यासारखी आलीत अक्षरं." — पान कोरं होतं, भाऊ. मी म्हटलं, "हो, छान आलीत."

नेलं ना, पनवेलला नेलं डॉक्टरकडं. साखरेनं डोळ्याचा आतला पडदा खराब झालाय. गेलं ते येणार नाय, उरलंय तेवढं जपा म्हणाले. ह्यांनी ऐकलं, मी ऐकलं. तरी रोज सकाळी आंघोळ करून येतात, खुर्चीत बसतात, पान बघतात, म्हणतात, "ठीक हाय, छाप." आणि मी छापते. मागाहून मी तपासायचं म्हटलं तर कधी? समोरच असतात. माझी खुर्ची सरकली तरी विचारतात, काय गं, काय राहिलं? काय सांगू — तुमचंच राहिलं म्हणून? कामानं माणूस दमत नाय, भाऊ. रोज "हो, बरोबर हाय" म्हणून दमतं. घरी गेल्यावर बोलावंसं वाटत नाय कुणाशी.

आणि तुमाला कशाला सांगत बसले मी हे सगळं? तुमी पत्रिकेचं बोलायला आलात. हं — वाघमारे. घराचा घ. तुमीच वाचा, नीट वाचा. झालं?

आले बघा. त्यांच्यापुढं चुकीचं काढू नका, पाया पडते. — अहो, जपून, उंबरा हाय. किशोरभाऊ आलेत. पत्रिका आवडल्या म्हणे सगळ्यांना, कमी पडल्या, अजून पायजेत. — तुमी निघा भाऊ, संध्याकाळी या. — अहो, या, बसा तुमी खुर्चीत. पान उघडलंय. छापायच्या आधी एकदा नजर टाका.