आट्यांना तेल

स्टुटगार्टच्या एस-बान लोकलमध्ये माझ्यासमोर एक सून आणि तिचे सासरे बसले होते.

"बाबा, आमच्या लॅबमधलं इंजिन कालपासून चालूये. पूर्ण टर्बो देऊनही वरचं सिलिंडर हेड जागचं उचललं गेलं नाही."

"आणि हेडखालचं गॅस्केट?"

"शाबूत! आधी जाडे बोल्ट टाकूनही दोनदा उडालं होतं. तुम्ही जेवताना विचारलंत, आट्यांना तेल लावता ना, तेव्हा ट्यूब पेटली. आम्ही नवे बोल्ट चक्क धुऊन कोरडे करत होतो!"

"कोरडा बोल्ट आट्यातच अडतो गं. पाना म्हणतो घट्ट झाला, हेड मात्र सैलच."

"गेनाऊ, अगदी बरोबर! रिपोर्टमध्ये तुमचं नाव घालतेय."

"माझं नको. मिरजेच्या इस्माईल मिस्त्रींचं घाल. त्यांनी शिकवलं."

"मग त्यांना फोन करूया की!"

"ते गेले. म्हणून तर घाल."